दर्शनी काच आणि विजेचं बिल

‘दर्शनी भाग पूर्ण काचेचा केला की उजेड भरपूर येतो आणि वीज वाचते,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. उजेडाचं खरं आहे, म्हणून तो पटतोही. पण उजेडासोबत ऊनही आत येतं. त्याने तापलेली फरशी, टेबलं जी उष्णता परत सोडतात, तिला साधी काच अडवून धरते आणि एसीवरचा भार वाढतो. आतून पडदा लावून फारसं भागत नाही, कारण ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं. सावली काचेच्या बाहेरच हवी.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा पुरतो. चारनंतर मात्र पश्चिमेचं तिरपं ऊन छज्ज्याखालून थेट शिरतं. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी लागते. एखाद्या नव्या इमारतीवर अशा तिरक्या पट्ट्यांची रांग दिसली की मी थांबून बघतोच. सावली आणि देखणेपण एकाच रेषेत साधलेलं असतं!

पडताळा सोपा आहे. एप्रिलमध्ये चारच्या सुमाराला कॉलेज रोडवरच्या एखाद्या पश्चिममुखी दुकानात काचेला आतून हात लावा, मग जाळीमागच्या खिडकीच्या काचेला.