सतराचा पाढा आणि सोयाबीनची पट्टी

जिंतूर तालुक्यातला माझा एक मित्र बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. पाच पोती खताचा हिशोब तोंडी करतो, अन् तरी कॅल्क्युलेटरवर दोनदा ताळा बघतो. गिऱ्हाईक समोर ताटकळलं की तळहाताला घाम सुटतो म्हणे. चौथीत सतराचा पाढा अडला म्हणून गुरुजींनी त्याला अख्खा तास फळ्यापाशी उभं केलं होतं. त्याला चाळीस वर्षं झाली.

हसण्यावारी नेऊ नका. तोंडी हिशोब करताना मधल्या पायऱ्यांचे आकडे मेंदू क्षणभर धरून ठेवतो. त्या जागेला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती फार तोकडी असते. भीती शिरली की तीच जागा अडवते. मग येत असलेलं गणितही ऐनवेळी चुकतं, आणि चुकलं की भीती आणखी मुरते. ही भीती शिक्षकाकडून मुलांना लागतेही. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचे वर्ग तपासले. ज्या बाईंना स्वतःलाच गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेरीस गणितात मागे पडलेल्या दिसल्या. मुलांवर मात्र असा परिणाम दिसला नाही.

मग चांगला मास्तर ओळखायचा कशावरून? लातूर पॅटर्नच्या मुलखात उत्तर ठरलेलं आहे: मार्क. पण अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतला अभ्यास (तोही २०१०चाच) या उत्तराला चांगलाच सुरुंग लावतो. तिथे कोणता विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. अभ्यासक्रम एक, परीक्षाही एकच. ज्यांच्या वर्गाला कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) पहिल्या पेपरात जास्त गुण, त्यांचेच विद्यार्थी पुढच्या गणितात मागे पडले. आणि विद्यार्थ्यांनी वाखाणलेले प्राध्यापकही तेच!

उलट बाजू अमेरिकी अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवली. सुमारे २५ लाख मुलांच्या शाळेच्या नोंदी त्यांनी कर खात्याच्या नोंदींशी जोडल्या. चांगल्या शिक्षकामुळे वाढलेले गुण तीन-चार वर्षांत बरेचसे ओसरतात. पण तीच मुलं कॉलेजात जास्त जातात आणि २८व्या वर्षी जास्त कमावतात. मधल्या काळात तो परिणाम कुठे मुरलेला असतो, हे कोडं मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

त्याच मित्राला सातवीत एक बाई होत्या. त्या पोरांना घरातली मोंढ्याची पट्टी, म्हणजे बाजारात माल विकल्याची पावती, आणायला लावायच्या: वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. वजाबाकी वहीत नाही, बापाच्या सोयाबीनवर. परीक्षेत असलं काही येत नसे. त्याला गणितात त्या वर्षीही काठावरच मार्क पडले.

मागच्या दिवाळीआधी मोंढ्यात एका म्हाताऱ्याने त्याच्यापुढे पट्टी धरली. त्याने उभ्या उभ्या नजर फिरवली अन् म्हणाला, "मामा, तोलाई दोनदा कापलीय." कॅल्क्युलेटर दुकानातच राहिला होता.