शेततळ्यातल्या कोळंबीला आडोसा

निफाड, सिन्नर, येवल्याकडच्या अनेक शेततळ्यांत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरलेला असतो. माशांना तो चालतो. गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीच्या पिल्लांना मात्र हा गुळगुळीत तळ जिवावर बेततो. कोळंबी कात टाकून वाढते. नवे कवच कडक व्हायला काही तास लागतात आणि तेवढ्यात शेजारचीच कोळंबी तिला खाते. अशा तळ्यात चिखल नाही, पाणवनस्पती नाहीत, मग लपणार कुठे?

एक-दीड सेंटीमीटरच्या पिल्लांना आडोशाला जाळी पुरते. ती जाळीवर चढतात आणि मधल्या भागापेक्षा कडांवर जास्त गर्दी करतात. म्हणून एक मोठा पट सोडण्यापेक्षा शेडनेटच्या फूटभर रुंद पट्ट्या कराव्यात. या काठावरून काठावर बांधलेल्या दोरीला टांगून तळापासून फूटभर वर ठेवाव्यात; तळाला टेकल्या की खाली खाद्य आणि गाळ कुजतो. वजनाला वाळू भरलेल्या बाटल्या बांधाव्यात, बांबू रोवला तर कागद फाटतो. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात चौरस मीटरला ३ या हिशेबाने २,७०० पिल्ले बसतात. त्यांच्यासाठी निदान २२५ चौरस मीटर जाळी हवी. पक्षीरोधक बारीक जाळी नको, तिच्यात नांग्या अडकतात.

पिल्ले बोटभर झाली की दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचे २०-२५ सेंटीमीटरचे तुकडे सोडावेत. घाबरलेली कोळंबी शेपटीच्या झटक्याने मागे उसळते, म्हणून पाइपची दोन्ही तोंडे उघडी हवीत. एक बंद असले तर गाळ साचून आतला ऑक्सिजन संपतो. तुकडे विखरून ठेवावेत. गठ्ठा केला तर निळ्या नांगीचा दांडगा नर तो अडवून बसतो.

द्राक्षबागेतली जुनी ठिबक नळी किंवा फवारणीचा पाइप फुकट मिळतो, पण कृपा करून तो वापरू नका. त्यात उरलेली इमिडाक्लोप्रिड आणि सायपरमेथ्रिन ही कीटकनाशके कवचधारी प्राण्यांना अगदी कमी मात्रेतही मारू शकतात. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातले तांबेही विषारी. बागेला खेटून असलेल्या तळ्यावर फवारा उडून येतो, तिथे कोळंबी सोडूच नये.

आडोशाने ऑक्सिजन वाढत नाही. पहाटे कोळंबी काठावर गोळा झालेली दिसली की लगेच एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू करावा.

पाणी २० अंशांखाली गेले की वाढ मंदावते, १४च्या आसपास मरतूक होते. निफाडची थंडी पाहता नोव्हेंबरअखेर काढणी उरकावी. ओढजाळ फिरवण्याआधी सगळे आडोसे बाहेर घ्यावेत आणि पाइप उचलताना खाली टोपली धरावी, आत कोळंबी बसलेली असते.