नवी रक्तवाहिनी ओळखायची कशी?

बॉस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं की कर्करोगाच्या गाठीला एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायचं तर आपल्याकडे नव्या रक्तवाहिन्या खेचून घ्याव्याच लागतात. त्या अडवल्या की गाठीची उपासमार होईल. पण हे तपासायचं कुठे? शरीरात जिकडेतिकडे आधीच रक्तवाहिन्या आहेत. नवी कोणती आणि जुनी कोणती, हे सांगणार कसं?

फोकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली जागा होती डोळ्याचा कॉर्निया. हा पडदा पारदर्शक असतो, कारण त्यात रक्तवाहिन्याच नसतात. सशाच्या कॉर्नियात सूक्ष्म खिसा करून त्यांनी गाठीचा कण ठेवला. काही दिवसांत पडद्याच्या कडेकडून बारीक लाल रेषा त्या कणाच्या दिशेने सरकू लागल्या. इथे दिसलेली प्रत्येक रेषा नवीच, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत मिळत नाही, असं मला वाटतं. पण त्यासाठी जिवंत प्राण्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागते, ही किंमत नजरेआड करता येत नाही.

कोंबडीचं अंडं त्या मानाने स्वस्त आणि सोपं. उबवणीच्या तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कवचाला छोटी खिडकी पाडतात, आणि आतलं पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं आवरण पुरेसं वाढलं की त्यावर तपासायचं द्रव्य ठेवतात. काही दिवसांनी वाहिन्या त्या द्रव्याकडे वळलेल्या दिसतात. इथेच फसगत होते. त्यातल्या कित्येक जुन्याच असतात, फक्त फुगलेल्या किंवा वाकलेल्या. कवचाचा चुरा आत पडला तरी आवरणाचा दाह होतो आणि वाहिन्या वाढतात. म्हणून शेजारी द्रव्य न घातलेली अंडी नसतील, तर अशा फोटोंवर विश्वास ठेवू नये.

१९७३ मध्ये बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काढून वाढवणं जमलं. मॅट्रिजेल नावाच्या जेलवर त्या पसरल्या की काही तासांत एकमेकींना जोडून नळ्यांचं जाळं विणतात. दिसायला सुंदर, पण त्याच जेलवर इतर काही पेशीही जाळं करतात, आणि या नळ्यांतून रक्त वाहत नाही. उंदराच्या महाधमनीच्या चकत्या जेलमध्ये ठेवल्या तर निदान अस्तराबरोबर आधार देणाऱ्या पेशीही नव्या वाहिन्यांच्या कोंबांसोबत बाहेर येतात.

झेब्रा माशाचं पिल्लू तर पारदर्शकच. २००२ मध्ये वाहिन्यांचं अस्तर हिरवं चमकणारे मासे तयार झाले. त्यामुळे महाधमनीतून पहिले कोंब कसे फुटतात ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येतं, आणि औषध नुसतं पाण्यात सोडलं तरी चालतं. पण पिल्लाच्या वाहिन्या ठरलेल्या आराखड्याने वाढतात, तर गाठीतल्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. म्हणून माशात यशस्वी ठरलेलं औषध पुढे उंदरातल्या गाठीवरही तपासावं लागतं.