मॉनिटरची निवड : कामासाठी योग्य आकार व रेझोल्यूशन

दिवसभराच्या कामात पडद्यावर काय आणि किती दिसायला हवे, ते पाहून पडद्याची रुंदी-उंची व त्यातील पिक्सेलची (चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनते त्यांची) संख्या ठरवणे म्हणजे मॉनिटरची निवड. दुकानात मॉनिटर इंचांवर विकला जातो. हे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. पडदा किती उंच आहे आणि अक्षर किती रेखीव उमटेल, यांपैकी काहीही त्या आकड्यावरून कळत नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात सेवा केंद्रे, वकिलांची कार्यालये, लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले, पेट्यांचा हिशेब ठेवणारे आंबा बागायतदार आणि २०२० नंतर गावच्या घरात बसून मुंबई-पुण्याच्या कंपनीचे काम करणारे, अशा अनेकांचे पोट या पडद्यावर आहे. त्यांतील बहुतेकांचे काम मजकुराचे, तेही पुष्कळदा मराठी मजकुराचे. म्हणून या नोंदीत भर मजकुरावर आहे.

आकार : जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ असे. सपाट पडदे आल्यावर ५:४ आणि १६:१० ही प्रमाणे रूढ झाली. २००८ च्या सुमारास टीव्ही व संगणक या दोहोंचे पडदे एकाच प्रमाणात बनवणे कारखान्यांना परवडू लागले आणि टीव्हीचे १६:९ हे प्रमाण संगणकावरही आले. क्रिकेटचा सामना पाहायला ते उत्तम आहे. कागद मात्र उभा असतो.

ए-४ कागद २१ सेंमी रुंद व २९.७ सेंमी उंच असतो. २४ इंची १६:९ पडद्याची उंची भरते सुमारे २९.९ सेंमी. म्हणजे कागद जेमतेम मावेल एवढीच जागा, आणि तीही वरची मेनूची पट्टी व खालचा टास्कबार खाऊन टाकतात. खऱ्या मापातले पान या पडद्यावर अखंड दिसतच नाही. सही-शिक्क्याची जागा पाहायला दरवेळी खाली सरकावे लागते. त्याच मापाच्या १६:१० पडद्याची (१९२० × १२००) उंची ३२ सेंमीच्या वर जाते. दोन-अडीच सेंमीचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण दस्त लिहिणाऱ्याला तो दिवसातून शंभर वेळा जाणवतो. शिवाय रुंदी सुमारे ५२ सेंमी असल्याने दोन पाने शेजारी शेजारी बसतात : डावीकडे जुना दस्त, उजवीकडे नवा मसुदा. २७ इंची १६:९ पडदाही सुमारे ३३.६ सेंमी उंच असल्याने हेच काम करतो.

२१:९ चे लांबट पडदे घेताना उंची तपासावी. २९ इंची लांबट पडद्याची उंची जेमतेम २८.६ सेंमी, म्हणजे कागदापेक्षाही कमी. ३४ इंचीची उंची २७ इंची साध्या पडद्याएवढी असते. एक्सेलचे लांबलचक तक्ते किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. साधा पडदा उभा फिरवूनही वापरता येतो, मात्र त्यासाठी आयपीएस पॅनेल, म्हणजे कोणत्याही कोनातून रंग सारखेच दाखवणारा पडदा, हवे. स्वस्त टीएन पॅनेल उभे केले की दोन डोळ्यांना दोन वेगळ्या छटा दिसतात आणि डोके दुखू लागते.

रेझोल्यूशन : पडद्यावरील आडव्या व उभ्या पिक्सेलची संख्या म्हणजे रेझोल्यूशन. फुल एचडी १९२० × १०८०, क्यूएचडी २५६० × १४४० आणि ४के ३८४० × २१६०. खरा प्रश्न हे पिक्सेल किती जागेत पसरले आहेत, हा आहे. २४ इंची फुल एचडीत इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात, २७ इंची फुल एचडीत ८२, २७ इंची क्यूएचडीत १०९ आणि २७ इंची ४केमध्ये १६३. निरोगी डोळ्याला ६० सेंमीवरून इंचाला सुमारे १४५ पिक्सेलपर्यंत कण वेगळे ओळखता येतात. त्यापुढे कण दिसत नाहीत, नुसते अक्षर दिसते.

देवनागरीला ही दाटी रोमनपेक्षा अधिक लागते. एका ओळीच्या उंचीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रकार असे सगळे बसवायचे असते. १० पॉइंटचा मजकूर १०० टक्के मापावर जेमतेम १३ पिक्सेलमध्ये उभा असतो. त्यात ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध्य’ आले की काळा ठिपका उरतो. ‘भ’ आणि ‘म’ यांत डोळ्याला पटकन जाणवणारा फरक शिरोरेषेतल्या फटीचा. ‘घ’ आणि ‘ध’ यांचेही तेच. ती फट एका पिक्सेलची झाली की भोरे आणि मोरे सारखेच दिसतात. अनुस्वार पुसट झाला की सावंतांचे सावत होतात.

कोकणात ही बाब केवळ सौंदर्याची नाही. इथल्या एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस सहहिस्सेदार असतात, तीन पिढ्यांची नावे, पुढे फेरफार क्रमांक, काही नावांना कंस. पडद्यावर चुकीचे वाचलेले नाव अर्जात जाते, अर्जातून हुकमात जाते आणि पुढे ते दुरुस्त करायला चाकरमान्याला रजा काढून तहसीलला यावे लागते. म्हणून, मराठी दस्तांचे काम करणाऱ्याने जमेल तर २७ इंची ४के घ्यावा आणि विंडोजमध्ये मापन (अक्षरे-चित्रे किती पट मोठी दाखवायची ते, स्केल) १५० टक्के ठेवावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे ठाम मत आहे. जागा क्यूएचडीएवढीच मिळते, पण १३ पिक्सेलचे अक्षर २० पिक्सेलमध्ये उमटते. तेवढा खर्च झेपत नसेल, तर २४ इंची १६:१० घ्यावा. २७ इंची फुल एचडी टाळावा : त्यात अक्षर मोठे होते, रेखीव होत नाही, कारण पिक्सेल तेरा ते तेराच राहतात.

पडदा त्याच्या मूळ रेझोल्यूशनवरच, म्हणजे त्यात प्रत्यक्ष जेवढे पिक्सेल आहेत तेवढ्यावरच, चालवला पाहिजे. कुडाळजवळच्या एका केंद्रावर नोंदकार बसला असताना तिथल्या ताई पडद्याला नाक लावून नावे वाचत होत्या. “चष्म्याचो नंबर दोनदा बदललंय, तरी अक्षरां पुसटच दिसतत,” त्या म्हणाल्या. मॉनिटर फुल एचडी होता, सेटिंग मात्र १३६६ × ७६८ वर. प्रत्येक पिक्सेल दीडपटीच्या आसपास ताणला जात होता, त्यामुळे कडा विरघळत होत्या. सेटिंग बदलल्यावर त्या मागे सरकून बसल्या.

संगणकाची व केबलचीही ताकद पाहावी लागते. एचडीएमआय ही चित्र पडद्यापर्यंत नेणारी जोडणी. तिच्या १.४ आवृत्तीवर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माऊसचा बाण अडखळत चालतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट ही दुसरी जोडणी, आवृत्ती १.२, हवी. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए ही जुनी जोडणी असेल, तर ४के घेऊन उपयोग नाही.

कोकणातील वापर : जांभ्याच्या घरात उजेड पडवीत असतो आणि माजघरात दिवसाही दिवा लागतो. बहुतेकजण टेबल पडवीत मांडतात. पाऊस ओसरला की खळ्यावरचे ऊन थेट पडद्यावर परावर्तित होते. अशा जागी चकचकीत काच नको, मॅट पृष्ठभाग हवा आणि उजळपणा निदान ३०० निट (निट हे उजळपणाचे माप). पडदा खिडकीच्या समोर किंवा पाठीशी न ठेवता तिला काटकोनात ठेवला, तर निम्मा त्रास जातो.

खाऱ्या दमट हवेने पोर्टवर हिरवट गंज चढतो. रोज चालू राहणारा मॉनिटर स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. मे महिना आणि गणपती एवढ्यापुरतेच उघडणाऱ्या घरातला लवकर बिघडतो. २४ इंची मॉनिटरला साधारण २० ते २५ वॅट लागतात, त्यामुळे तो छोट्या यूपीएसवर निभावतो. मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी वीज कडाडू लागली की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा लागतो.

मागे १०० × १०० मिमी अंतरावर चार भोके असलेला मॉनिटर निवडावा. त्याला भिंतीवरचा आर्म बसतो, पडदा डोळ्यांच्या पातळीला आणता येतो आणि टेबलही मोकळे राहते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, त्या भागात टेबलाच्या वर जाणारा पडदा ही केवळ सोय नव्हे.

खरेदीला जाताना पेनड्राइव्हवर एक दाट सातबारा पीडीएफ आणि सोबत एक कोरा ए-४ कागद न्यावा. फाइल १०० टक्के मापावर उघडावी, कागद पडद्याला लावून उंची पाहावी आणि हातभर अंतरावरून शेवटच्या हिस्सेदाराचे नाव वाचून पाहावे. पांढरा व काळा पडदा लावून मेलेले (रंग न बदलणारे) पिक्सेल शोधावेत, आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला माणूस आपल्या पिनकोडवर घरी येतो की मॉनिटर मुंबई-कोल्हापूरला पाठवावा लागतो, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.