छोट्या शेतकऱ्यासाठी डिजिटल रुपयाचं वॉलेट: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

डिजिटल रुपया म्हणजे बिटकॉइन नव्हे, हे आधी पक्कं समजून घ्या. तो रिझर्व्ह बँकेचाच पैसा. त्याच्या यंत्रणेतले काही भाग ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांची नोंद अनेक संगणकांवर एकत्र ठेवायच्या पद्धतीवर चालतात, एवढंच साम्य. किरकोळ वापराचा प्रयोग 1 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि पुढच्या टप्प्यातल्या शहरांत आपलं इंदूरही होतं.

वॉलेटसाठी शेतकरी असण्याची अट नाही. सहभागी बँकेत खातं, त्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि तेच सिम असलेला स्मार्टफोन, एवढं लागतं. बँकेचं डिजिटल रुपयाचं ॲप घ्यायचं, सिमची पडताळणी करायची, पिन ठरवायचा, खातं जोडायचं आणि पैसे भरायचे. यूपीआयच्या क्यूआरवरही पैसे देता येतात. वॉलेटमधल्या रकमेवर व्याज मात्र मिळत नाही.

बहुतेक अर्ज अडतात ते नंबरापाशी. सांवेरकडचे एक काका माझ्यासोबत बँकेत आले होते. खात्याला नंबर होता पुतण्याचा, तोही कधीच बंद पडलेला. म्हणून आधी पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा, नंबर बदलून घ्या, मग ॲपला हात लावा.

शेतीला खरा उपयोग आहे तो ठरावीक कामालाच खर्चता येणाऱ्या डिजिटल रुपयाचा. ओडिशा आणि आंध्र प्रदेशात भूमिहीन कुळांना बी-खतासाठी असं कर्ज देण्याचा प्रयोग झाला. पैसा बियाण्यावरच खर्च होणार हे बँकेला दिसलं, तर जमिनीचा उतारा नसलेल्या माणसालाही कर्ज देणं तिला सोपं जातं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडच्या बटाईदारांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्यांनी, अशा कर्जासाठी कागद आत्ताच तयार ठेवावेत. किसान क्रेडिट कार्डाला जमीनमालकच नव्हे, तोंडी करारावरचे कूळ आणि बटाईदारही पात्र आहेत. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही. अर्ज, फोटो, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि पिकाची माहिती द्यायची. जमीन स्वतःची असेल तर खसरा आणि बी-1 हे जमिनीच्या नोंदीचे उतारे जोडायचे. बटाईचा करार लेखी करा. मध्य प्रदेशात त्यासाठी 2016 चा कायदा आहे. कराराची प्रत तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

फोन हरवला तर लगेच बँकेला कळवा आणि त्याच नंबरचं नवं सिम काढा. पिन कुणालाही सांगू नका, खतवाल्या दुकानदारालासुद्धा.