अंडं की केळं? लायसिनला विचारा

शालेय पोषण आहारात २०२३ मध्ये अंडं आलं आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी केळं. जळगावात बसून केळ्याविरुद्ध बोलणं तसं धाडसाचंच, २०१६ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे! केळं ऊर्जा देतं, पोटॅशियम देतं. पण एका केळ्यात प्रथिन जेमतेम १ ग्रॅम, अंड्यात ६. ही अदलाबदल समसमान नाही.

त्यात नुसते ग्रॅम मोजूनही भागत नाही. खाल्लेलं प्रथिन पचून त्याची अमिनो आम्लं होतात आणि पेशीतले रायबोझोम ती ठरलेल्या क्रमाने माळेसारखी ओवून नवं प्रथिन करतात. या वीस आम्लांपैकी नऊ शरीराला बनवता येत नाहीत, लायसिन त्यांतलंच एक. पुढचा मणी लायसिनचा हवा आणि तोच नसेल, तर बाकीचे ढिगाने असून ओवणं थांबतं. चरबीसारखा त्यांचा साठाही होत नाही. उरलेली आम्लं यकृतात मोडतात आणि त्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. म्हणजे पोट भरलेलं, पण वाढ खुंटलेली.

ज्वारी इथेच मार खाते. तिच्या १ ग्रॅम प्रथिनात लायसिन २० मिलिग्रॅमच्या आसपास, दीड वर्षाच्या बाळाला हवं साधारण ५०. शिवाय ज्वारीतलं मुख्य प्रथिन काफिरिन. पाण्यात शिजवलं की त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लामध्ये गंधकाचे बंध जुळतात, जाळं घट्ट होतं आणि पाचक विकरांना आत शिरणं जड जातं.

उडदात मात्र लायसिन ६५च्या घरात. त्याला मेथिओनिन हे त्या नऊंतलंच दुसरं आम्ल कमी पडतं, ते ज्वारी पुरवते. चार भाग ज्वारी, एक भाग उडीद असं कळण्याचं, म्हणजे मिश्र भाकरीचं, पीठ धरा (घरोघरी प्रमाण बदलतं). ज्वारीत १० टक्के आणि उडदात २४ टक्के प्रथिन धरलं, तर मिश्रणात ग्रॅममागे लायसिन ३७ मिलिग्रॅमवर जातं, जवळपास दुप्पट! उरलेली तूट दूध, अंडं किंवा सुकी मासळी भरून काढते. शेंगदाण्याने ती भरत नाही, त्यातही लायसिन कमीच. महागड्या डब्यातली पावडर आणायच्या आधी घरातला उडीद आठवावा.

बाळाचं पोट लहान, म्हणून भाकरी कुस्करताना चमचाभर तेल घालायचं. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनच जाळतं.

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. पायावर सूज असेल आणि दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर मूल गुटगुटीत झालेलं नसतं आणि त्याला नजरही लागलेली नसते. काळा दोरा बांधण्यात वेळ न घालवता त्याला थेट दवाखान्यात न्यावं. तिथे प्रथिनाचा मारा करत नाहीत. थकलेल्या यकृताला तो झेपत नाही, म्हणून सुरुवातीला एफ-७५ नावाचं दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये प्रथिन १ ग्रॅमहूनही कमी असतं.