रिसर्च करताना मुलावर अत्याचार होतोय असा संशय आला तर रिपोर्ट कुठे आणि कसा करायचा

फील्डवर्क करणाऱ्या पीएचडीवाल्यांनी आणि एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) पोरापोरींनी हे आधीच वाचून ठेवा. पॉक्सो कायदा 2012 (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम 19 मध्ये 'कोणतीही व्यक्ती' म्हटलंय, म्हणजे आपणही आलोच. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली की पोलिसांना कळवायचंच, डेटा गोपनीय आहे हे कारण तिथं चालत नाही.

जायचं जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर विशेष बाल पोलीस पथकाकडे. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करून मदत मिळते, पण तेवढं करून थांबू नका, पोलिसांकडे जाच. फी नाही आणि पुरावाही लागत नाही, तो गोळा करणं तपास अधिकाऱ्याचं काम. मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दात, तारीख, जागा, अंदाजे वय आणि मूल कुठे भेटेल एवढं कागदावर असलं की झालं. मुलगी 'मामा त्रास देतो' म्हणाली असेल तर तेच लिहा, आपली थिअरी जोडू नका आणि तिला परत परत खोदून तर अजिबात विचारू नका.

पोलिसांनी माहिती लिहून घेऊन नोंद क्रमांक टाकायचा आणि तुम्हाला वाचून दाखवायचं असतं, तो नंबर घेतल्याशिवाय उठू नका. पुढे 24 तासांत त्यांनी बाल कल्याण समितीला (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीची सरकारी समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, युनिफॉर्मशिवाय.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. विद्यार्थी गाईडला सांगतात, गाईड एथिक्स कमिटीला (रिसर्च नैतिक नियमांत बसतो का ते बघणारी समिती) मेल टाकतात, कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात, आणि सगळ्यांना वाटतं आपलं काम झालं. नाही झालं! कळवायची जबाबदारी ज्याला कळलं त्याची, गाईडला सांगा पण परवानगीची वाट बघू नका. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या होस्टेलच्या केसमध्ये न कळवलेल्या डॉक्टरवरचा एफआयआर हायकोर्टानं रद्द केला होता, सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये तो परत उभा केला. उलट चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढे काही निघालं नाही तरी तुमच्यावर कारवाई होत नाही, मुद्दाम खोटी तक्रार केली तर मात्र होते.

नुसती मारहाण, उपाशी ठेवणं असेल तर ते पॉक्सोत बसत नाही, बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 आहे, त्यासाठी 1098 किंवा बाल कल्याण समिती. आणि किशोरवयीनांवर काम करणाऱ्यांनो, 16-17 वर्षांच्या मुलांचे संमतीचे संबंधही कायद्यानं पॉक्सोतच येतात. मला हे पटत नाही, पण कायदा आज तसा आहे.

म्हणून संमतीपत्रात 'सगळं गुप्त राहील' असं सरसकट लिहूच नका. मुलाची स्वतःची संमती घेताना सोप्या भाषेत सांगा, 'तू सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही, पण कुणी तुला इजा करतंय असं कळलं तर मला मदतीसाठी सांगावं लागेल.' हे वाक्य प्रपोजलमध्येच टाका, कारण इंटरव्ह्यू सुरू झाल्यावर सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं. आणि थीसिसमध्ये नावासोबत शाळा, वस्ती, घरच्यांची माहितीही गाळा, गाव लहान असलं की लोक तेवढ्यावरून ओळखतात.